शिक्षेचा धाक मुलांपर्यंत कितपत पोचतो?

प्रश्न विचारणारे गृहस्थ सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचे सचिव आहेत. त्यांच्या इमारतीबाहेर लावलेल्या गाड्यांच्या काचा एका रात्री चार-पाच मुलांनी कोयत्याने फोडल्या. त्यांतले तिघे अठराच्या आतले निघाले आणि पंधरवडा उलटायच्या आत त्यांपैकी दोघे पुन्हा त्याच चौकात उभे दिसू लागले. सचिवांचे म्हणणे असे की, शिक्षेची भीतीच उरलेली नाही. तेव्हा वयाची मर्यादा सोळावर आणून जबर शिक्षा ठेवल्याखेरीज ही मुले वठणीवर येतील का?

परिवीक्षा अधिकारी, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची पार्श्वभूमी तपासून त्यांच्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी, म्हणून माझ्या नोकरीचा मोठा भाग येरवड्यात, अठराच्या आतल्यांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे येणाऱ्या मुलांचे सामाजिक तपासणी अहवाल लिहिण्यात गेला. त्या अनुभवावरून आणि या विषयावर जगभर जे संशोधन झाले आहे त्यावरून उत्तर द्यायचे तर असे देता येईल: शिक्षेचा धाक असतो, पण तो शिक्षेच्या वर्षांवर फारच थोडा अवलंबून असतो. आपण सापडणारच याची खात्री, सापडल्यावर काही तरी लगेच घडणे, आणि गमावण्यासारखे काही तरी मुलाच्या हाताशी असणे, या तीन गोष्टींवर तो उभा राहतो. तीन वर्षांची शिक्षा दहा वर्षांवर नेल्याने यांपैकी एकही गोष्ट बदलत नाही. इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच लिहून ठेवले आहे की, गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती अटळ असल्याने. पुढच्या अडीचशे वर्षांतल्या आकडेवारीने त्याचे म्हणणे बहुतांशी खरे ठरवले आहे.

मोठ्या माणसांनाही हे लागू आहे. मुलांच्या बाबतीत ते अधिक ठळकपणे दिसते. त्याचे कारण समजून घ्यायचे तर गुन्ह्याच्या त्या दहा मिनिटांत काय घडते ते पाहावे लागते. ओळख पटू नये इतके तपशील बदलून एक प्रसंग सांगतो. मार्केट यार्डात टेम्पो भरण्याच्या कामावर जाणारा सोळा वर्षांचा मुलगा. शाळा नववीत सुटलेली. कोयता कुठून आणला असे विचारल्यावर म्हणाला, हार्डवेअरच्या दुकानातून, नारळ सोलायला हवा असे सांगून. ज्या वस्तीतल्या गाड्या फोडल्या तिथल्या कोणाशीही त्याचे वैर नव्हते. वैर होते ते त्याच्या मित्राच्या भावाचे. पहिली काच फोडताना मनात काय होते, असे मी त्याला विचारले. बराच वेळ खाली बघून तो म्हणाला, "सर, मागून एक जण शूटिंग करत होता. थांबलो असतो तर सगळे हसले असते."

या एका वाक्यात धाकाचे सगळे गणित आले. त्या क्षणी त्याच्यापुढे दोन शिक्षा होत्या. एक कायद्याची: दूरची, धूसर आणि कदाचित कधीच न होणारी. दुसरी मित्रांच्या हसण्याची: त्याच जागी, त्याच मिनिटाला आणि हमखास होणारी. त्याने मोठी शिक्षा टाळली, असेच त्याच्या बाजूने म्हणावे लागेल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. एकटे असताना किशोरवयीन मुले आणि प्रौढ जवळपास सारखाच धोका पत्करत; मात्र शेजारी मित्र येऊन उभे राहिले की, मुलांनी पत्करलेला धोका कितीतरी वाढे, आणि चोविशीपुढच्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नसे. पुण्यातल्या तोडफोडीच्या गुन्ह्यांत एकटा मुलगा क्वचितच असतो. तीन, चार, सहा जण असतात, दोन दुचाक्या असतात आणि हल्ली एक मोबाईल चालू असतो.

धाक वाटण्याची पहिली अट म्हणजे काय होणार आहे ते आधी माहीत असणे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने निर्घृण स्वरूपाचा अपराध केला, तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवता येतो, ही तरतूद २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात आली आणि १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. म्हणजे प्रश्नकर्ते ज्या बदलाची मागणी करत आहेत, त्यातला बराचसा भाग कायद्यात आजही आहे. पण 'निर्घृण' कशाला म्हणायचे? ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, तो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की, शिक्षा कितीही मोठी होऊ शकत असली, तरी किमान सात वर्षांचे बंधन नसेल तर तो गुन्हा 'गंभीर' या मधल्या वर्गात जाईल आणि मुलाला प्रौढ मानता येणार नाही. याचा व्यवहारातला परिणाम पाहावा. कोयत्याने कोणाच्या डोक्यात वार करून त्याला मरणाच्या दारात पोचवले, तर तो खुनाचा प्रयत्न होतो. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण सात वर्षांची किमान शिक्षा नाही, म्हणून तो मधल्या वर्गात राहतो. तोच कोयता उगारून कोणाचा मोबाईल लुबाडला, तर प्राणघातक शस्त्राचा वापर करून केलेल्या जबरी चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३११ खाली किमान सात वर्षे आहेत, म्हणून तो निर्घृण वर्गात जाऊ शकतो. नुसता कोयता बाळगल्याबद्दल लागणारे आर्म्स ॲक्टचे ४(२५) हे कलम पोलीस बातम्यांत रोज असते. तेवढे मात्र मुलांना पाठ असते. वरचा फरक नवख्या वकिलालाही पुस्तक उघडून पाहावा लागतो. रात्री अकरा वाजता चौकात जमलेल्या मुलांनी तो जाणून घेऊन आपले वागणे बदलावे, ही अपेक्षा कायदा करणाऱ्यांनी ठेवली असेल तर तिला काही आधार नाही.

अठरा हे वय मात्र मुलांना माहीत असते. "अजून दोन महिने मायनर आहे" हे वाक्य मी मुलांच्या तोंडून ऐकलेले आहे. तेव्हा अठराव्या वाढदिवसाला तरी गुन्हे एकदम कमी व्हायला हवेत. फ्लोरिडा राज्यातल्या अटकेच्या नोंदी घेऊन दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमके हेच तपासले. सतरा वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा आणि अठरा वर्षे एक महिन्याचा मुलगा यांच्यात शिक्षेच्या कडकपणाखेरीज दुसरा काही फरक नसतो. शिक्षेत त्या दिवशी मोठी उडी होती. गुन्ह्यांतली घट मात्र जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास निघाली. याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या राज्यांची तुलना करून स्टीव्हन लेव्हिट यांनी १९९८ साली दाखवले होते की, जिथे प्रौढांची शिक्षा मुलांच्या मानाने बरीच कडक होती, तिथे सज्ञान होताना हिंसक गुन्ह्यांत अधिक घट दिसते. मात्र ती तुलना राज्याराज्यांतली होती. एकेका मुलाच्या वयावर नेमके बोट ठेवणाऱ्या नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम विरळ होत गेला. परिणाम शून्य आहे असे मी म्हणत नाही. तो इतका लहान आहे की, त्याच्या भरवशावर वयाची मर्यादा खाली आणणे परवडत नाही.

आपल्याकडच्या आकड्यांवरूनही लोक दोन्ही बाजूंनी निष्कर्ष काढतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विधीसंघर्षग्रस्त बालकांविरुद्धची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराच्या आतल्या मुलांविरुद्धची, प्रकरणे २०१६ मध्ये सुमारे ३६ हजार होती आणि २०२२ मध्ये सुमारे साडेतीस हजार. नवा कायदा आला आणि आकडा उतरला, असे म्हणायचा मोह होतो. पण यांतले बहुसंख्य गुन्हे चोरी, मारामारी, दुखापत अशा प्रकारचे, म्हणजे कायद्यातल्या बदलाचा ज्यांना स्पर्शही झाला नाही असे आहेत. शिवाय मधली कोविडची वर्षे आणि गुन्हा नोंदवण्याच्या पद्धतीतले फरक वेगळेच. या आकड्यांवरून कायद्याचे श्रेय किंवा अपश्रेय मांडू नये. त्यांतून एक गोष्ट मात्र दरवर्षी दिसते: पकडलेल्या मुलांत सुमारे तीन-चतुर्थांश सोळा ते अठरा या वयातली असतात आणि बहुतेक सगळी आईवडिलांजवळ राहणारी असतात. रस्त्यावरचे अनाथ पोर म्हणजे गुन्हेगार, हे चित्र पुण्यातही खरे नाही.

आता दुसऱ्या अंगाने विचार करू. इतरांना वचक बसो न बसो, ज्याला शिक्षा झाली तो तरी सुधारतो का? या बाबतीतला पुरावा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या सहज समजुतीच्या विरुद्ध जातो. शिकागोत मुलांची प्रकरणे वेगवेगळ्या न्यायाधीशांकडे कोणताही निकष न लावता वाटली जात. काही न्यायाधीश कोठडीत पाठवण्याकडे कललेले, काही न पाठवण्याकडे. त्यामुळे सारख्याच मुलांना निव्वळ योगायोगाने वेगळी वागणूक मिळाली. काही वर्षांनी पाहिले तेव्हा कोठडीत गेलेल्यांपैकी शाळा पूर्ण करणारे कमी होते आणि पंचविशीच्या आत मोठ्यांच्या तुरुंगात पोचलेले जास्त. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या शहरांत गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ तरुणांचा सात वर्षे पाठपुरावा झाला, त्यातही कोठडीचा मुक्काम लांबल्याने पुढची अटक कमी झाल्याचे दिसले नाही. न्यू जर्सीतल्या रॉवे तुरुंगात १९७० च्या दशकात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो अतिशय लोकप्रिय झाला. अशा उपक्रमांच्या काटेकोर चाचण्या पुढे एकत्र करून पाहिल्या, तेव्हा त्यात नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचे आढळले. आपल्याकडे "एकदा येरवड्याला नेऊन दाखवा, म्हणजे सरळ होईल" असे सांगणारे पालक मला नेहमी भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो. उपाय चुकीचा आहे, एवढे मी त्यांना सांगतो.

असे का होते, ते पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागू नये. ज्या मुलाला शाळेने, घराने, कामाच्या ठिकाणी कोणीच मोजलेले नाही, त्याच्यासाठी 'आत जाऊन आलेला' हे पहिले प्रमाणपत्र असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये खुनाच्या खटल्यातून सुटलेल्या एका टोळीप्रमुखाला तळोजा कारागृहापासून पुण्यापर्यंत शेकडो गाड्यांचा ताफा द्रुतगती मार्गाने वाजतगाजत घेऊन आला. त्या मिरवणुकीच्या चित्रफिती मंडळापुढे येणाऱ्या मुलांच्या मोबाईलमध्ये पुढे कितीतरी दिवस होत्या. तुरुंगाने माणूस खाली जातो असे आपण समजतो. त्या मुलांनी पाहिले ते उलट. पोलिसांनी आरोपींची वस्तीतून काढलेली धिंडही हल्ली याच वाटेने जाते. चित्रीकरण होते, त्यावर गाणे चढते, खाली 'भाई, लवकरच परत' अशा ओळी पडतात. अठराच्या आतल्या मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे ही बाब वेगळीच. पण कायदा बाजूला ठेवला, तरी धाक बसवण्याचे साधन म्हणून धिंड कुचकामी आहे, कारण ती मुलाला नेमके तेच देते ज्यासाठी त्याने कोयता उचलला होता.

बंदिस्त जागेत दुसराही एक धोका असतो आणि तो चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या कोणत्याही निरीक्षणगृहात, कितीही चांगले अधीक्षक असले तरी, पूर्णपणे टळत नाही. पहिल्यांदा मोबाईल चोरलेला मुलगा आणि खुनाच्या गुन्ह्यातला मुलगा एका छताखाली येतात. पहिल्याला आतल्या ओळखींतून बाहेरचा 'ग्रुप' मिळतो. म्हणूनच याच अधिनियमाच्या कलम १२ खाली मुलाला जामीन देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद आहे: ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याचा संभव असेल, त्याला स्वतःला धोका असेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होणार असेल, तरच नाकारायचा. सचिवांना जी 'सुटका' वाटली ती हीच. ती निर्दोष सुटका नव्हती. चौकशी त्यानंतरही चालू असते. फक्त ती चालू आहे हे ना सोसायटीला कळते, ना बऱ्याचदा त्या मुलाला जाणवते. खरी उणीव इथे आहे आणि तिच्याकडे मी पुढे येतो.

मग कोंडून ठेवणे कधीच बरोबर नाही का? आहे. मुलगा आत असेपर्यंत बाहेर गुन्हा करू शकत नाही, हा साधा फायदा नाकारता येत नाही. टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. बहुतेक मुले वयात येताना वाकडी जातात आणि विशीच्या मध्यापर्यंत नोकरी, लग्न, जबाबदारी यांत आपोआप सुटतात. थोडी लहानपणापासून आक्रमक असतात आणि पुढेही तशीच राहतात. या दुसऱ्या, संख्येने लहान गटातल्या मुलाने थंड डोक्याने खून केला असेल, तर त्याला 'सुरक्षित स्थानी', म्हणजे अशा मुलांसाठीच्या वेगळ्या बंदिस्त संस्थेत, पाठवावे, एकविसाव्या वर्षी त्याचे काटेकोर मूल्यमापन करून पुढचे ठरवावे आणि गरज असेल तर तो आत राहावा, या कायद्यातल्या व्यवस्थेच्या मी विरुद्ध नाही. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप याच कायद्याच्या कलम २१ ने वर्ज्य केली आहे. बाकी बराच मोठा पल्ला न्यायालयाच्या हाती आहे. माझा आक्षेप आहे तो या थोड्या मुलांकडे पाहून बाकी सगळ्यांसाठी कायदा करण्याला. आणि हे तत्त्व अठरापाशी संपत नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम ६ सांगते की, जन्मठेपेला पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकविसाच्या आतल्या तरुणाला, कारणे लेखी नोंदवल्याखेरीज, तुरुंगात पाठवू नये. साठाहून अधिक वर्षे जुना हा कायदा आपल्या न्यायालयांत फार कमी वकील आठवणीने पुढे करतात.

धाक कुठे चालतो हेही सांगितले पाहिजे. जिथे गुन्हा सावकाश विचार करून होतो आणि करणाऱ्याला गमावण्यासारखे काही असते, तिथे तो चांगला चालतो. महाविद्यालयात शिकणारा तरुण काही हजार रुपयांसाठी आपले बँक खाते ऑनलाइन फसवणूक करणाऱ्यांना वापरायला देतो. वर्गातल्या एकाला सायबर पोलिसांची नोटीस आली, खाते गोठवले गेले, पासपोर्टची पडताळणी अडकली, की बाकीचे दुसऱ्या दिवशी शहाणे होतात. पदवी, कॅम्पस प्लेसमेंट, घरच्यांची अब्रू असे बरेच काही त्यांच्या हातात असते. यातली अवघड बाजू अशी की, ज्याच्याकडे गमावण्यासारखे काहीच नाही, नेमका त्याच्यावर हा धाक चालत नाही, आणि मंडळापुढे जास्त करून तोच येतो.

कल्याणीनगरच्या प्रकरणाचा उल्लेख टाळून पुण्यात या विषयावर बोलता येत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि काही तासांत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला जामीन मिळाला. शहर खवळले ते योग्यच होते. पण लोकांचा राग नेमका कशाचा होता हे नीट पाहावे. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. पैसा असेल तर नमुनाही बदलतो ही शंका ज्या शहरात घर करते, तिथे शिक्षा सात वर्षांची आहे की सतरा याला काही अर्थ उरत नाही, कारण ती होईल यावरचा विश्वासच गेलेला असतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९अ मला या दृष्टीने अधिक शहाणपणाचे वाटते: अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. ज्याच्या हातात चावी आहे आणि ज्याला परिणामांची समज आहे, त्याच्यावर हा धाक टाकलेला आहे. शनिवारी रात्रीच्या नाकाबंदीत तो सातत्याने वापरला, तर तो काम करतो. वर्षातून एकदा मोहीम काढून करत नाही.

आता उशिराबद्दल. कायद्याचे वेळापत्रक चांगले आहे: चोवीस तासांत मंडळापुढे हजर करणे, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, चार महिन्यांत चौकशी पूर्ण आणि सहसा फार तर दोन महिन्यांची मुदतवाढ. प्रत्यक्षात प्रकरणे साचतात, साक्षीदार येत नाहीत, न्यायवैद्यक अहवाल लांबतो, परिवीक्षा अधिकाऱ्याकडे एकाच वेळी पेलवतील त्याहून अधिक मुले असतात. सोळाव्या वर्षी केलेल्या गुन्ह्याचा आदेश मुलगा एकोणीस वर्षांचा, कधी बायकोचा नवरा झालेला असताना निघतो. तेव्हा तो दुसराच माणूस असतो आणि त्याच्या चौकातल्या नव्या सोळा वर्षांच्या मुलाला त्या आदेशाचा पत्ताही नसतो. मधल्या काळात मंडळ म्हणजे महिन्यातून एकदा आईने घरकामाचा खाडा करून सोबत यायचे आणि पुढची तारीख घेऊन जायचे, एवढेच त्या मुलाला कळते. ती शिक्षा झालीच तर आईला होते.

याउलट पहिल्याच आठवड्यात काही घडले तर काय होते, त्याचे एक उदाहरण. पर्वतीच्या पायथ्याकडच्या एका वस्तीत मुलांनी रस्त्याकडेच्या रिक्षांच्या पुढच्या काचा आणि हूड फाडले होते. एका रिक्षावाल्याला आम्ही बोलावले. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. काचेची पावती त्याने टेबलावर ठेवली आणि सांगितले की, गाडी बंद राहिल्याने बँकेचा हप्ता चुकला आणि मुलीच्या क्लासची फी थकली. मुलाने तोवर 'रिक्षा' फोडली होती. रिक्षा कोणाची तरी असते हे त्याच्या डोक्यात आले नव्हते. त्याच्या वडिलांनी काचेचे पैसे हप्त्याने द्यायचे आणि मुलाने ओळखीच्या गॅरेजात संध्याकाळी काम करून ते वडिलांना फेडायचे असे ठरले. मंडळाने देखरेखीच्या आदेशात ते घातले. दर सोमवारी त्याने माझ्याकडे हजेरी लावायची, न आल्यास मी त्याच दिवशी घरी जायचे. एका सोमवारी तो आला नाही. मी संध्याकाळी सात वाजता त्याच्या दारात उभा होतो, आणि मला वाटते, काचेच्या पैशांपेक्षा त्याला त्या संध्याकाळचीच जास्त जरब बसली. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८ खाली समुपदेशन, सामुदायिक सेवा, पालकांना दंड, परिवीक्षेवर मुक्तता हे सगळे आदेश मंडळाला देता येतात. ते सौम्य म्हणून हिणवले जातात. घरापर्यंत पाठपुरावा होत असेल तर ते अजिबात सौम्य नसतात. होत नसेल तर कागद असतात.

वयाची मर्यादा खाली आणण्याच्या मागणीत एक गोष्ट निसटते ती म्हणजे मुलांना पुढे करणारा मोठा माणूस. कोयता हातात देणारा, दुचाकीत पेट्रोल भरणारा, पकडल्यावर वकील पाठवणारा असा पंचविशी-तिशीतला कोणी तरी वस्तीत असतो आणि त्याला कायदा मुलांपेक्षा कितीतरी चांगला माहीत असतो. तो हिशेब करून वागतो, म्हणजेच धाक चालू शकेल असा हाच खरा माणूस. उद्या मर्यादा सोळावर आणली, तर तो पंधराचा मुलगा शोधेल. त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ९५ आहे: गुन्हा करण्यासाठी बालकाला कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षे कैद, आणि गुन्हा घडला असेल तर तो त्याने स्वतः केल्याप्रमाणे त्याचीही शिक्षा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्येही बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगितला आहे. ही कलमे लावलेली फिर्याद मी अपवादानेच पाहिली आहे. मुलगा सापडला की तपास तिथेच थांबतो, कारण चित्रफितीत तोच दिसत असतो.

सचिवांसाठी शेवटी काही व्यवहाराचे. गाड्यांच्या नुकसानीची पावती प्रत्येक मालकाने वेगळी ठेवावी आणि एकत्र अर्जाला जोडून बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यामार्फत मंडळापुढे जाईल असे पाहावे. भरपाईचा किंवा सामुदायिक सेवेचा विचार करताना मंडळाला तिचा उपयोग होतो. साक्षीसाठी बोलावणे आले तर जावे. फिर्यादीच न आल्याने किती चौकश्या विरून जातात, हे मी जवळून पाहिले आहे. मुलांची छायाचित्रे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत, ते कलम ७४ खाली येईल आणि तक्रारदार म्हणून तुमचीच बाजू लंगडी पडेल. सीसीटीव्हीचे चित्रण मात्र घटनेच्या आधीच्या तासाभराचेही जपून ठेवावे. मुलांना सोडायला कोणती गाडी आली, कोण दुचाकीवरून उतरून त्यांच्याशी बोलून गेले, हे त्यात असू शकते. त्यात कोणी सज्ञान माणूस दिसत असेल, तर त्याच्याबाबत कलम ९५ खाली तपास व्हावा अशी लेखी मागणी पोलीस ठाण्यात द्यावी आणि तिची पोच घ्यावी.